खडा गेला, असं मी गावभर सांगितलं

चहा ओता आधी. आणि एक अट आहे. मी सांगत असताना मधेच कुणी 'अरे, पण तू तो कागद वाचला का नाहीस?' असं विचारायचं नाही. हा प्रश्न बायकोनं विचारून झालाय, मुलीनं विचारून झालाय, डॉक्टरांनी विचारून झालाय, आणि आईनं तर पुण्याहून फोन करून तीन वेळा विचारलाय.  एवढा मोठा गाढवपणा अडाणी माणसाच्या हातून होत नाही, त्याला भरपूर शिक्षण लागतं, इतकंच मी म्हणेन.

कारण माझा धंदाच वाचायचा आहे हो! गुडगावच्या एका कंपनीत मी करारमदार बघतो. दोनशे पानांचा करार असू दे, एकशे बाराव्या पानावर 'आणि'च्या जागी 'किंवा' पडलंय हे मी झोपेत सांगेन. ऑफिसातली पोरं मला टरकून असतात. 'प्रमोद सर के पास मत भेज यार, फिर से लिखना पड़ेगा' हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. आणि या प्रमोद सरांनी स्वतःच्या डिस्चार्जचा दोन पानी कागद वाचला नाही.

का नाही वाचला? कारण फाईल वैजूकडे होती. वैजू म्हणजे वैजयंती, माझी बायको. नोएडात आमच्या घराजवळच्या शाळेत गणित शिकवते. घरातली कुठलीही फाईल तिच्याकडे असते, लग्न झाल्यापासून ही पद्धत आहे, आणि तोवर तरी काही बिघडलं नव्हतं.

तर डिसेंबरातला रविवार. बाल्कनीत छान ऊन आलेलं, मी किन्नू, म्हणजे इकडची संत्री, सोलत बसलेलो. आणि डाव्या कुशीत अशी काही कळ आली म्हणता! ज्यांना कुणाला मूतखडा झालाय त्यांना पुढचं सांगायला नको, त्यांनी आत्ताच मान हलवली असेल. बाकीच्यांनी देवाचे आभार मानावेत. मी किन्नूसकट फरशीवर गडाबडा लोळायला लागलो. त्यात हुडहुडी भरली, ताप चढला. वैजूनं एका हातानं कॅब बोलावली आणि दुसऱ्या हातानं मला स्वेटर चढवला. उलटा चढवला, पण ती तक्रार मी आजवर केलेली नाही.

हॉस्पिटलात सीटी स्कॅन झाला. डॉक्टर साहनी म्हणून होते, अगदी शांत माणूस. त्यांनी सांगितलं, किडनीतून खाली जी नळी येते तिच्यात अकरा मिलिमीटरचा खडा अडकलाय. त्याच्यामागे सगळं तुंबून किडनी सुजलीय, इन्फेक्शनही झालंय. आणि माझं बीपी किती? एकशे ऐंशी! आता बीपी कशानं चढलं म्हणाल तर भीतीनं. मी सुई बघितली तरी मला घाम फुटतो. मुलीला लस टोचायला न्यायची वेळ यायची तेव्हा वैजू मला घरी ठेवून जायची.

मला आत नेलं. भूल दिली. बाहेर आणलं. कळ पार गायब!

आता तुम्हीच न्याय करा. कळ होती, आत नेलं, भूल दिली, बाहेर आणलं, कळ गेली. यावरून चांगला शिकलासवरलेला माणूस काय समजेल? ऑपरेशन झालं, खडा निघाला, असंच ना?

तर तुम्हाला म्हणून आत्ताच सांगून टाकतो. खडा काढलाच नव्हता! तो जागच्या जागी आरामात बसला होता.

त्याचं असं असतं. नळी सुजलेली, आत इन्फेक्शन, अशा वेळी दुर्बीण घालून खडा फोडायला गेलं तर भलतंच व्हायचं. म्हणून डॉक्टर आधी नुसता स्टेंट घालतात. स्टेंट म्हणजे एक बारीक, मऊ नळी. वरचं टोक किडनीत, खालचं मूत्राशयात, आणि दोन्ही टोकं गुंडाळलेली, म्हणजे सरकायला नको. खड्याच्या कडेनं लघवीला वाट होते, किडनी मोकळी होते, कळ थांबते. शिवाय दोन आठवड्यांत मूळची नळी सैल पडते, मग दुर्बीण आणि लेसर सहज आत जातात. खरं ऑपरेशन ते. माझं सोळा तारखेला ठरलं होतं.

आणि हे सगळं साहनींनी मला समजावून सांगितलं होतं! कागदावर चित्र काढून! वैजू शेजारी उभी होती, ती साक्षीदार आहे. स्टेंटमुळे सारखं बाथरूमला लागेल, जळजळ होईल, जिने चढलात तर लघवी गुलाबी दिसेल, घाबरायचं नाही, हेसुद्धा सांगितलं. मी म्हणे प्रत्येक वाक्याला 'बिल्कुल डॉक्टर साब, बिल्कुल' म्हणत होतो. शेवटी त्यांचा हात हातात घेऊन 'ड्राफ्ट एकदम क्लिअर है' असंही म्हणालो. मला यातलं एक अक्षर आठवत नाही. भूल उतरलीच नव्हती ना!

मग साहनींनी वैजूला बाहेर नेऊन सांगितलं, "मैडम, ये बहुत घबराते हैं। घर पे ऑपरेशन की बात मत छेड़िएगा। बीपी ऐसा ही रहा तो सोलह को हम कर नहीं पाएँगे। बस, खुश रखिए इनको।"

वैजू गणिताची बाई. तिला सूत्र दिलं की ती वापरणारच.

घरी आल्या आल्या मी आईला फोन लावला. "आई, झालं गं ऑपरेशन! खडा गेला!"

समोर वैजू गोळ्या घेऊन उभी होती. माझं ते वाक्य ऐकून तिचा चेहरा असा काही मऊ झाला, डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. मला वाटलं, नवरा वाचला म्हणून. पण तिच्या मनात वेगळंच होतं. आमच्या घरात एक नियम आहे. वाईट बातमी पुण्याला कळवायची नाही, निस्तरलं की मग कळवायचं. बाबा गेल्यापासून आईला आम्ही तसंच सांभाळतो. तेव्हा वैजूला वाटलं, बघा, स्वतः इतका भेदरलाय, पण आईला घोर नको म्हणून खुशाल थाप मारतोय. माझ्याविषयी इतका आदर तिला लग्नानंतर पहिल्यांदाच वाटला असावा.

मग काय, तीही माझ्या थापेत सामील झाली. शेजारचे मिश्राजी चौकशीला आले, मी म्हटलं, "निकल गया स्टोन।" वैजू म्हणाली, "हाँ जी, निकल गया।" ऑफिसातून फोन आले, तेच. नात्यातल्या ग्रुपवर मी अंगठे वर केलेली चार चित्रं टाकली. आणि आई काय म्हणाली असेल?

"गेला ना? मी म्हटलं नव्हतं? कुळथाचं कढण!"

"अगं आई, ऑपरेशन करून काढला."

"हो, पण सुटा कुणी केला?"

आई गेली कित्येक वर्षं मला फोनवरून कढण पाजतेय. मी एकूण दोन वाट्या प्यायलोय. पण तिनं सोसायटीतल्या समस्त ज्येष्ठ नागरिकांना कढणाची कृती लिहून दिली.

मी वैजूला विचारलं, "खडा दिला का गं त्यांनी बाटलीत घालून? आईला फोटो पाठवू."

ती जराशी थबकली. म्हणाली, "नंतर देणार आहेत."

मला वाटलं, लॅबमध्ये दिला असेल तपासायला. बघा, किती सरळ चाललं होतं!

तिसऱ्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. अर्ध्या तासाला बाथरूम. बसलो की उठ, उठलो की पळ. नोएडा ते गुडगाव मेट्रोनं दीड तास लागतो. त्यात मी चार ठिकाणी उतरायला लागलो. कुठल्या स्टेशनावर सोय कुठे आहे, कुठे आतल्या आत आणि कुठे कार्ड दाखवून बाहेर पडावं लागतं, हे मला तोंडपाठ झालं. आणि चौथ्या दिवशी ऑफिसची लिफ्ट बंद होती म्हणून तीन जिने चढलो, तर लघवी गुलाबी!

मी केबिनचं दार लावून घेतलं आणि इंटरनेट उघडलं. ही माझी दुसरी चूक. तिथे शिंक शोधा, चौथ्या ओळीला माणूस दगावतो. आणि इथे मात्र मी वाचलं बरं का! सगळं वाचलं! तळटीपांसकट. फक्त शोधताना 'स्टेंट' हा शब्द घातला नाही, कारण तो आपल्या आत आहे याचा मला पत्ताच नव्हता.

मी हिशेब मांडला. खडा तर गेला. तरी हा त्रास? म्हणजे दुसरंच काहीतरी आहे. आणि त्या 'दुसऱ्याच काहीतरी'चं नाव इंटरनेटनं मला सरळ सांगितलं. ते मी इथे घेत नाही, चहा कडू होईल.

तरी मी मनाची समजूत घातली असती हो. पण घरी गेलो तर वैजूचं वागणं! फोनवर मुक्ताशी, म्हणजे हैदराबादला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीशी, हळू आवाजात बोलत होती. मी आलो तशी गप्प. फाईल नेहमीच्या कप्प्यात नव्हती, साड्यांच्या मागे गेली होती. जेवायला माझ्या आवडीची भरली वांगी. बरं, तेही एक वेळ ठीक. पण मी आंघोळ करून ओला टॉवेल पलंगावर टाकला, तिनं तो पाहिला, उचलला, आणि शांतपणे दोरीवर वाळत घातला. एक शब्द बोलली नाही. वर म्हणाली, "राहू दे, तू दमला असशील."

 ओल्या टॉवेलावरून पंचवीस वर्षं आमचं भांडण चाललंय. पाहुण्यांसमोर झालंय, रेल्वेच्या डब्यात झालंय. ती बाई जर ओला टॉवेल बघून 'राहू दे' म्हणते, तर याचा अर्थ एकच होता. डॉक्टरांनी हिला सगळं सांगितलेलं आहे आणि ही माझ्यापासून लपवतेय.

मग मी विचारलं का नाही? खरं सांगू? हिंमत झाली नाही. विचारलं असतं तर तिला खरं बोलावं लागलं असतं, आणि ती एवढं हसऱ्या चेहऱ्यानं निभावत होती, ते मला मोडायचं नव्हतं. मरायची भीती होतीच, मी काही संत नाही. पण त्याहून जास्त मला एकच गोष्ट खात होती. वैजू एकटी पडेल. पुणं सोडून ती माझ्या नोकरीपायी इथे आली, बावीस वर्षं इथली थंडी आणि इथला उन्हाळा सोसला, आणि आता मी हिला नोएडाच्या अकराव्या मजल्यावर एकटीला टाकून जाणार? 

तेव्हा मी ठरवलं, उरलेले दिवस चांगलं वागायचं.

आणि मी चांगला वागलो हो! कुणाला खोटं वाटेल. सकाळचा चहा मी करायला लागलो. रजयांच्या घड्या घालायला लागलो. तिनं वह्या तपासायला घेतल्या की शेजारी बसून मटार सोलायला लागलो. तिच्या मुख्याध्यापिकेची जी गोष्ट मी दर वेळी अर्ध्यात तोडायचो, ती पूर्ण ऐकली. ऐकल्यावर कळलं, गोष्ट चांगली आहे. एकदा तर मी म्हणालो, "वैजू, तू हसतेस ना, तेव्हा घर बरं वाटतं." तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

तिला मागे काही अडू नये म्हणून मी घरातल्या गोष्टीही शिकवायला घेतल्या. एका दुपारी तिला इन्व्हर्टरपाशी नेलं. म्हटलं, "हे बघ, बॅटरीत डिस्टिल्ड पाणी असं घालायचं."

"प्रमोद, गेली आठ वर्षं मीच घालतेय."

"अच्छा. बरं, तो वॉटर फिल्टरवाला..."

"त्याचा नंबर माझ्याच फोनमध्ये आहे. तुला हवा असेल तर देते."

सगळं घर तीच चालवत होती! माझ्यावाचून कुणाचं काही अडणार नव्हतं. याचं समाधान वाटावं की दुःख, ते मला ठरवता येईना.

मुक्तालाही फोन केला. "आईला एकटं पडू देऊ नकोस हं बाळा," म्हणताना माझा आवाज फुटलाच. पोरगी दिल्लीत वाढलेली. म्हणाली, "बाबा, इतके सेंटी का होताय यार?" आणि लगेच तिनं वैजूला फोन केला, की आई, बाबा रडतायत, ऑपरेशनला इतके घाबरलेत का? वैजू म्हणाली, "हो गं. पण तू काही बोलू नकोस, बीपी चढेल." आणि त्या संध्याकाळी मला गाजराचा हलवा मिळाला. मी म्हटलं, झालं, फार दिवस राहिले नाहीत.

मग आला शनिवार. मी वैजूला म्हणालो, "चल, पानिपतला जाऊ."

दिल्लीतल्या मराठी माणसाला पानिपत चुकत नाही. गावाकडून कुणीही आलं की दुसऱ्या दिवशी विचारतं, इथून पानिपत किती लांब? मी आठ वेळा जाऊन आलोय, आठही वेळा पाहुण्यांना घेऊन, स्मारकापुढे उभा राहून, हळहळून परत. आणि आठही वेळा वैजू म्हणाली होती, अरे, तिथे रजया आणि चादरींचा एवढा मोठा बाजार आहे, मला एकदा तिथे सोड. आठही वेळा उशीर झाला म्हणून आम्ही बाजार टाळून निघालो. म्हटलं, हिची ही एक इच्छा तरी पुरी करू.

"पाहुणे कोण आलेत?" तिनं विचारलं.

"कुणी नाही. आपण दोघंच. फक्त रजया."

तिनं परत माझ्या कपाळाला हात लावला.

धुकं विरल्यावर दहाला निघालो. आता माझी अर्ध्या तासाची अडचण तुम्हाला माहीतच आहे. हायवेवर ढाबे भरपूर. पण आपला स्वभाव बघा! ढाब्यावर जायचं, नुसतं बाथरूम वापरायचं आणि परत गाडीत बसायचं, हे मराठी मनाला पटतं का? फुकट कसं वापरायचं? म्हणून दर ढाब्यावर एकेक चहा. आणि तो चहा प्यायला की पुढचा ढाबा! सोनीपत ओलांडेपर्यंत माझे पाच चहा झाले होते. वैजू नुसती मायेनं बघत होती. त्या मायेनं माझा जीव आणखीनच कासावीस होत होता.

बाजारात मात्र ती फुलली. या दुकानातून त्या दुकानात, बोटांनी कापूस चाचपून बघतेय, दुकानदाराशी हिंदीत हुज्जत घालतेय. दुकानदारानं डबलची एक सुंदर रजई पसरली, जांभळ्या फुलांची.

मी हळूच म्हणालो, "सिंगलच घे ना. डबल कशाला?"

"का? तू काय सोफ्यावर झोपणार?"

मी तोंड फिरवलं आणि उशांचे अभ्रे बघायला लागलो. दुकानदारानं मला त्यातले सहा विकले.

परतीच्या वाटेवर दुपारी एका ढाब्यावर थांबलो. उन्हात टाकलेल्या खाटा, समोर आलू पराठा, वर लोणी. शेजारी रजईचं गाठोडं. वैजू इतकी खुशीत होती की मला राहवेना. म्हटलं, ही एकटीनं किती दिवस हे ओझं वाहणार? आपणच मोकळं करू हिला.

"वैजू," मी म्हणालो, "डॉक्टरांनी तुला सांगितलंय ना माझं? खरं बोल."

तिनं घास खाली ठेवला. लांब श्वास घेतला. "हो. पहिल्याच दिवशी. विषय काढू नका, खूश ठेवा, असं म्हणाले. म्हणून मी गप्प होते रे."

म्हणजे खरंच होतं! 

"मुक्ताला?"

"तिलाही माहितीय."

"आणि आईला?"

"त्यांना कशाला आत्ता? सगळं उरकल्यावर कळवू."

उरकल्यावर! मी खाटेची दोरी घट्ट धरली. वैजूनं माझ्या हातावर हात ठेवला. "घाबरू नकोस. सोळा तारखेला सगळं संपेल."

"सोळा? ता... तारीखसुद्धा सांगितली?"

"मग! सकाळी साडेसातला. उपाशीपोटी."

"उपाशीपोटी?"

"हो, आदल्या रात्री दहानंतर पाणीसुद्धा नाही. आणि अंगठी घरीच काढून ठेव."

मी अंगठीकडे पाहिलं. बाईचं धैर्य किती म्हणतो मी! मी विचारलं, "वैजू, फार दुखेल का गं?"

"छे रे! झोपेतच होईल सगळं. तुला कळणारही नाही. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी."

"कोण?"

"कोण म्हणजे? तू!"

"मी घरी कसा येणार?"

"कॅबनं," वैजू म्हणाली. "खडा काढल्यावर तिथे कशाला ठेवतील तुला?"

"खडा? खडा गेला ना!"

वैजू माझ्याकडे बघतच राहिली. वर्गात एखाद्या मुलानं सात गुणिले आठ पंधरा म्हटल्यावर बघत असेल, तशी.

"प्रमोद," ती अगदी सावकाश म्हणाली, "खडा आतच आहे. तुझ्या पोटात स्टेंट आहे. डॉक्टरांनी तुला चित्र काढून दाखवलं. तू 'बिल्कुल' म्हणालास."

"मी? कधी?"

"आणि मग तू आईंना खोटं..." ती थांबली. "ते खोटं नव्हतं? तुला खरंच वाटत होतं? मग हे सारखं बाथरूम, ते गुलाबी, ते तुला कशानं वाटलं?"

मी सांगितलं. इंटरनेटनं काय नाव सांगितलं ते, टॉवेलाचं, हलव्याचं, साड्यांमागच्या फाईलचं, सिंगल रजईचं. सगळं सांगितलं.

मला वाटलं, आता ही हसेल. हसली नाही. आधी तिनं अभ्र्यांची पिशवी उचलून मला दोनदा मारली. आणि मग भर ढाब्यावर तोंडावर ओढणी धरून हमसून हमसून रडायला लागली.

"इतके दिवस? एकट्यानं? एवढं पोटात घेऊन फिरत होतास, आणि मला चहा करून देत होतास? मी कोण आहे रे तुझी?"

"तू गप्प होतीस म्हणून..."

"मी तुझ्या बीपीसाठी गप्प होते, मूर्खा!"

माझ्याही डोळ्यांतून धारा लागल्या. मी तिला म्हटलं, मला तुला टाकून जायचं नव्हतं गं, बाकी काही नाही. हे एरवी मी जन्मात बोललो नसतो. तेवढ्यात ढाब्याचे सरदारजी धावत आले आणि घाबरून म्हणाले, "मैडम जी, परांठे में मिर्ची ज़्यादा हो गई क्या?"

त्यावर मात्र वैजूला हसू फुटलं. रडता रडता अशी हसली की खाट हलायला लागली. मीही हसलो, पण मला फार वेळ हसता आलं नाही, कारण मला पळावं लागलं. तुम्ही समजून घ्या.

सोळा तारखेला सकाळी नर्सनं बीपी घेतलं. एकशे अठ्ठावीस! साहनी चकित. आठवडाभर मरणाची तयारी केलेल्या माणसाला लेसरचं काय वाटणार? स्टेंटमुळे नळी छान सैल झाली होती, दुर्बीण सरळ आत गेली, खड्याचा चुरा झाला. दोन तुकडे बाटलीत घालून दिले. आईला फोटो पाठवला आणि सगळं खरं सांगितलं. तिनं आधी मला झाडलं, कागदाचं विचारलं, आणि मग म्हणाली, "बघ, मऊ पडला होता की नाही कढणानं?" सूज उतरेपर्यंत म्हणून साहनींनी नवा स्टेंट आठवडाभरासाठी ठेवला. यावेळी त्यांनी तो मला सांगितला, वैजूला सांगितला, कागदावर लिहून माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतला.

आता शेवटचं. त्या आठवड्यात, खोटं कशाला बोलू, मी पूर्ण बरा झालो. म्हणजे कसा? आपण मरत नाही हे एकदा पक्कं कळल्यावर माणूस सकाळी उठून चहा कशाला करेल? मटार आपले आपण सोलले जातात असं मला पुन्हा वाटायला लागलं. मुख्याध्यापिकेची नवी गोष्ट मी पहिल्याच वाक्याला तोडली.

आठवड्यानं स्टेंट काढायला गेलो. मी हिरवा झगा घालून टेबलावर आडवा. साहनी हातमोजे चढवत वैजूला म्हणाले, "मैडम, निकाल देते हैं। जाने से पहले आपको कुछ पूछना है?"

वैजूनं माझ्याकडे पाहिलं. मग साहनींकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाली, "डॉक्टर साब, ये वाला निकाल दीजिए, इसका कोई फ़ायदा नहीं हुआ। वो पहलेवाला फिर से डाल सकते हैं क्या?"